जोर कुठे द्यायचा

हिद्दच्या सुक्या गोदीमागे, रंगाच्या पिंपांच्या शेडमध्ये
शुक्रवारी सकाळी माझा वर्ग भरतो.
फळा नाही. जहाजाच्या पत्र्याचा कापून उरलेला तुकडा
भिंतीला टेकवलेला, आणि वेल्डरचा चपटा खडू,
जो ऑगस्टच्या ओल्या हवेतही पुसला जात नाही.

देवरुखच्या शाळेत बारा वर्षं
यमाताराजभानसलगं म्हणून घेतलं पोरांकडून,
लघूला चंद्रकोर, गुरूला आडवी रेघ.
इथे त्याच खुणांनी इंग्रजी शब्द फोडते.
नवरा म्हणाला, कशाला?
म्हटलं, हाताला सवय आहे.

पुढच्या क्रेटवर गफूर सोलकर,
जहाजाच्या पोटाचा गंज वाळूच्या माऱ्याने उडवणारा.
म्हणा, लाइफबोट.
ला, इ, फ, बो, ट. त्याची पाचही बोटं संपतात.
बरोबर आहे गफूरभाई, आपल्या कागदावर पाच.
त्यांच्या कानात दोनच.
पहिल्यावर पाना मारायचा पत्र्याला,
दुसऱ्यावर नुसतं बोट.
ठण्-टप्. लाइफ-बोट.
ठण्-टप्. गेट-पास.
ओव्हरटाइमला तीन, शेवटचा जरासा जड.
'जड वाटतो खरा,' वेल्डर तोडणकर म्हणतो,
'पगारात उतरत नाही.'

मग गफूर स्वतःच सांगतो कोल्ड स्टोअरचा किस्सा.
बहरीनमध्ये कोपऱ्यावरच्या वाण्यालाही कोल्ड स्टोअर म्हणतात,
हे नव्या फोरमनला ठाऊक नव्हतं,
आणि गफूरने जोर दिला स्टोअरवर.
दहा मिनिटं सुट्टी हवी होती, फोनचं कार्ड घ्यायला.
फोरमनने भला माणूस म्हणून पिकअप दिली.
गफूर उतरला तो उणे अठरामध्ये,
गोठलेल्या बांगड्यांच्या रांगेत,
घामाचा शर्ट पाठीला पापडासारखा कडक,
आणि तिथल्या पोऱ्याला विचारतोय,
'रिचार्ज आहे काय?'

हसू ओसरायला वेळ लागला.
मी फळ्यावर, म्हणजे पत्र्यावर, लिहिलं: ड्राय डॉक.
पहिल्यावर जोर दिलात तर तुमची पोटापाण्याची जागा.
दुसऱ्यावर दिलात तर नुसता कोरडा पडलेला धक्का.

'आणि बाई, आपल्यात?' तोडणकर विचारतो.
'आपण कुठे मारतो पाना?'
आपण पाना मारत नाही, मी म्हटलं, आपण मान ठरवतो.
यथाशक्तीत मान पहिल्याचा.
राजवाड्यात दुसऱ्याचा.
नवराबायकोत दोघांचा सारखा.
(कोपऱ्यात कुणीतरी खाकरलं.)
आणि चौथा समास असतो, बहुव्रीही.
त्यात दोन्ही शब्द पाट्या टाकणारे.
नीलकंठ म्हणताना निळं नाही, कंठही नाही,
अर्थ त्याचा, जो शब्दात कुठेच उभा नाही.

पंखा फिरत होता. त्याचं एक पातं वाकलेलं,
म्हणून त्यालाही ठण्-टप् येत होतं.

तोडणकर उठला. खडू घेतला.
मोडक्या अक्षरांत लिहिलं: हार्डहॅट.
'फोरमन सकाळी मोजतो ना,
आठ हार्डहॅट डावीकडे, सहा हार्डहॅट टाकीत.
कडक नाही, टोपीही नाही.
खाली आम्ही.'
मग पान्याने पहिल्यावर मारलं,
जरा जास्तच जोरात.

बारा वर्षांत एकाही पोराने
असं उदाहरण दिलं नव्हतं.
शाबास म्हणायचं राहून गेलं,
जुम्म्याची बांग झाली, गफूर वजूला गेला,
मी पिशवी उचलली.

पुढच्या शुक्रवारी पत्रा जागेवर नव्हता.
कुठल्याशा ग्रीक जहाजाच्या टाकीत
ठिगळ कमी पडलं, म्हणून तोच बसवला होता,
लिहिलेली बाजू आत.
फोरमनने विचारलं म्हणे, 'या चंद्रकोरी कसल्या?'
तोडणकरने काच खाली ओढली, टाका लावला,
आणि म्हणाला,
'माप आहे, साहेब.'